बिशप कोण, आणि बिशपचा शब्द किती

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटले की सहसा डोळ्यांपुढे येतात ते नवापूर-चिंचपाड्याकडील प्रोटेस्टंट आदिवासी. पुरुषोत्तमनगरात बसून कॅथलिकांविषयी लिहिणे त्यामुळे थोडे अवघडच आहे. तरीही फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) शिकवू लागलो की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : “सर, हे लोक पोपचे सगळेच ऐकतात का?” प्रश्न भाबडा आहे, पण मराठी मुलखातील कॅथलिकांचा इतिहास चाळू लागले की त्याचे उत्तर ‘हो’ असे देता येत नाही, आणि ‘नाही’ असेही देता येत नाही.

प्रथम माहीमची हकीकत सांगितली पाहिजे. पूर्वेकडील चर्चे उभारावीत, पोसावीत आणि त्या बदल्यात तेथील बिशपांसाठी नावे सुचवावीत, असा अधिकार पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. पुढे पोर्तुगालचे बळ ओसरले. १६२२ मध्ये रोमने ‘प्रोपागांदा’ नावाचे स्वतःचे मिशन-खाते काढले आणि त्या खात्याचे प्रतिनिधी थेट पूर्वेकडे येऊ लागले. दोन्ही अधिकार पोपच्याच नावाने चालत, म्हणून तंटा अटळ होता. मुंबईत त्यात इंग्रजांची भर पडली. पोर्तुगीज धर्मगुरूंच्या राजनिष्ठेची शंका येऊन १७२० मध्ये त्यांना बेटावरून घालवले गेले व त्यांच्या जागी प्रोपागांदाचे कार्मेलाइट आले. १७८९ मध्ये सरकारने चर्चे पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांकडे सोपवली, १७९१ मध्ये ती काढून घेतली आणि १७९४ मध्ये चार चर्चे दोन्ही पक्षांत दोन-दोन वाटून टाकली. भाऊबंदकीत वाडा वाटावा तशी ही वाटणी झाली आणि एकाच शहरात दोन धर्मसत्ता नांदू लागल्या.

१८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चमधील बऱ्याच लोकांनी प्रोपागांदा सोडून गोव्याकडे जाण्याचे ठरवले. प्रोपागांदाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन हे कॅपुचिन संन्यासी, हट्टाचे पक्के. चर्च हातचे जाऊ द्यायचे नाही म्हणून ते अनुयायांसह आतच ठाण मांडून बसले. बाहेर विरोधकांनी वाटा अडवल्या, अन्न आत जाईना. सुमारे पंधरवडा हा वेढा चालला. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दारे उघडवली आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले. त्याच वर्षी पोप नववे पायस यांनी पाद्रोआदोच्या बाजूच्या धर्मगुरूंना कडक आज्ञापत्र धाडले. साखर कारखान्याच्या निवडणुका पाहत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. फक्त त्यात उसाच्या भावाचा प्रश्न नव्हता एवढेच!

या भांडणात एक गोष्ट सहज नजरेआड होते. माहीमच्या लोकांनी प्रत्यक्ष बिशपला उपाशी कोंडले, पण बिशप नकोच, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे दिसत नाही. त्यांना बिशप हवाच होता. फक्त तो आपल्या पसंतीच्या परंपरेतला असावा, एवढाच आग्रह होता. मिस्सा, कबुली, लग्नाचे नियम यांविषयी दोन्ही पक्षांत अक्षराचाही मतभेद नव्हता. वाद चालला होता तो सत्तेच्या मालकाविषयी. सत्तेच्या मर्यादेचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता.

१८८६ च्या करारानंतरही मुंबईतली दुहेरी व्यवस्था राहिलीच. ती १९२८ मध्ये मिटली, तीही आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा या मजेदार तडजोडीवर. त्या पाळीने १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आले. या गृहस्थांवर मराठीत कोणी सविस्तर लिहायला हवे. १९४६ मध्ये वलेरियन ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप नेमून घेऊन ते स्वतः मुंबईपासून दूर राहिले, भारतीय माणसाला कारभार करता यावा म्हणून. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी रीतसर राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. माहीमच्या वेढ्याने जो प्रश्न रक्त तापवून विचारला होता, तो असा एका माणसाच्या बाजूला होण्याने सुटला.

पण रॉबर्ट्स तेथे थांबले नाहीत. १९५४ मध्ये त्यांनी चर्चमधील अधिकाराचा वापर आणि गैरवापर यांवरच पुस्तक लिहिले आणि १९६४ मध्ये संततिनियमनाविषयीच्या शिकवणीवर उघडपणे शंका घेतली. ‘बिशप कोण’ हा प्रश्न मागे पडून ‘बिशपचा शब्द कुठपर्यंत’ हा प्रश्न पुढे आला, आणि तो विचारणारा स्वतः मुंबईचा माजी आर्चबिशप होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्धच ठरवले. मुंबई-वसईत त्यावरून कोणी चर्चला वेढा घातला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील ख्रिस्ती स्त्रियांचा एकूण जननदर १.८८ होता, हिंदू स्त्रियांच्या १.९४ पेक्षाही थोडा कमी. हा आकडा सर्व पंथांच्या ख्रिस्त्यांचा आहे, आणि पोपला मान्य असलेल्या नैसर्गिक पद्धतीही असतात, हे मान्य. तरी केवळ त्यांच्या बळावर तो इथवर आला असेल, असे आम्हांला वाटत नाही. निर्णय घराघरांत, आवाज न करता झाला. रविवारी मात्र तीच माणसे मिस्सेला हजर.

मग धर्मगुरूचा शब्द संपला का? वसईकडे पाहिले तर तसे म्हणवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, म्हणजे धर्मगुरू लोकांच्या भाषेत बोलू लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, टँकरवाले विहिरी उपसू लागले, तेव्हा ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. त्यांच्या हाकेला कॅथलिक आले, तसेच हिंदूही आले. यात पोपची आज्ञा नव्हती, धर्मबहिष्काराची भीती नव्हती. जमीन आणि पाणी यांविषयी हा माणूस खरे बोलतो आहे, एवढीच खात्री होती. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्याआधी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूला का, म्हणून काही संघटनांनी विरोध केला होता. त्यांच्या लेखी धर्मगुरू म्हणजे अजूनही केवळ रोमचा हुकूम वाहणारा माणूस होता. पाणी राखायला त्यांच्यामागे गेलेल्या वसईकरांनी त्यांना तेवढेच कधी मानले नव्हते.