भोपळा सोलापूरचा, नाव मिरजेचं

गिटारचं पोट कारागीर लाकूड वाकवून बनवतो. तंबोऱ्याचं पोट शेतात उगवतं. आणि ते शेत बऱ्याचदा आपल्या सोलापूर जिल्ह्यात असतं - पंढरपूर, मंगळवेढा, भीमेचा काठ. हे सांगितलं की लोक आधी हसतात. चादर माहिती, शेंगा चटणी माहिती, पण सतार-तंबोऱ्याचा आणि सोलापूरचा काय संबंध? आजचा लेख त्याच संबंधावर.

निमित्त गिटारचंच. हल्ली आयटीतल्या बऱ्याच लोकांना 'कस्टम' गिटारचं वेड लागलेलं दिसतं. लाकूड आपण निवडायचं, दांडीवर वेगळ्या रंगाच्या लाकडाची किंवा शिंपल्याची नक्षी जडवून घ्यायची, आणि मग सहा-आठ महिने वाट बघायची. हौस छानच आहे. पण मोजमाप घेऊन तंतुवाद्य करून द्यायचा धंदा आपल्याकडे पावणेदोनशे वर्षं चालू आहे, मिरजेत.

त्याची सुरुवात मजेशीर आहे. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे लोक. १८१८ मध्ये पेशवाई गेली, लढाया थांबल्या आणि हळूहळू या लोकांचं कामही थांबलं. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खी टेक्नॉलॉजीच बाद झाली! मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, तिथे गवई-वादकांची ये-जा असायची. त्यांची वाद्यं मोडली तर दुरुस्त कोण करणार? १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने ते काम हातात घेतलं. दुरुस्ती करता करता नवीन वाद्यं बनवायला लागले. पुढच्या पिढ्यांचं आडनावच 'सतारमेकर' झालं. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत राहिले आणि गावाचं नाव गाण्याशी कायमचं जोडलं गेलं.

पण वाद्य बनवायला भोपळा लागतो, आणि तो येतो भीमाकाठाहून. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हा आपल्या रोजच्या दुधीचाच भाऊ, फक्त आकाराने अवाढव्य आणि चवीला कडू. कडू असतो तेच बरं, कारण माणूस खात नाही आणि किडाही सहसा वाटेला जात नाही. दुधी कोवळा असताना काढतात. हा मात्र वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचा, मग नीट वाळवायचा. म्हणजे जमीन कित्येक महिने अडकते, आणि शेवटी हातात येणारी वस्तू बाजार समितीत विकता येत नाही. गिऱ्हाईक एकच - वाद्यवाला. पंढरपूरला त्याचा एक घरचाही उपयोग आहे म्हणा. वारकऱ्यांच्या एकतारीलाही भोपळाच लागतो.

१९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरहून पुढे मिरजेपर्यंत पोचली, तेव्हा भोपळ्याचं गाव आणि वाद्याचं गाव एकाच रुळावर आले. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

आता कस्टम ऑर्डर कशी चालते ते बघा. गायकाने आधी पट्टी सांगायची. पुरुषांचा तंबोरा साधारण पांढरी एक-काळी एकच्या आसपास, बायकांचा काळी चार-पाचचा. त्यावरून तारांची लांबी आणि भोपळ्याचा घेर ठरतो. पण गंमत अशी की भोपळा मापाने मागवता येत नाही. जे उगवलं त्यातूनच निवडायचं. निवडलेला भोपळा पाण्यात भिजवतात, कापतात, आतला गर आणि बिया काढतात आणि आकार धरावा म्हणून आत काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. त्यावर लाकडाची तबली बसते, वर गळा आणि पोकळ दांडी. लाकूड मुख्यतः तुणीचं. बाजारात त्याला लाल देवदार म्हणतात, पण ते देवदाराच्या नव्हे, महोगनीच्या कुळातलं आहे. स्पॅनिश गिटारची दांडी ज्या 'सीडर'ची करतात, तेही याच कुळातलं. म्हणजे गिटार आणि तंबोरा हे लाकडाच्या बाजूने लांबचे चुलतभाऊच निघाले!

मग येतं नक्षीकाम. भोपळा आणि लाकूड जिथे जुळतात तिथे कोरीव पानं लावतात. दिसायला शोभा, पण ती सांधाही झाकतात. गिटारच्या कडेने जी बारीक पट्टी असते तिचंही तसंच, ती लाकडाच्या उघड्या कडा सांभाळते. जडावकामासाठी पूर्वी हस्तिदंत वापरायचे. त्याला पर्याय म्हणून सेल्युलॉइड आलं (तेही मूळ बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना अमेरिकेत, १८६० च्या दशकात). सेल्युलॉइडच्या पट्टीवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी कोरायची आणि खाचेत रंग भरायचा. भारतात १९८६ मध्ये देशी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतावरही. कारागिरांचं काम थांबलं नाही.

गिटारवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. ब्राझीलच्या शिसवाचे ओंडके मिळणं अवघड झालं तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. १९९२ पासून तर ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीच आहे. कस्टम गिटारच्या यादीत 'इंडियन रोझवूड' दिसतं ते हेच, आपल्या पश्चिम घाटातलं झाड.

थोडक्यात, नक्षीचा माल बदलला, लाकूड बदललं, वाद्यं टिकली. मग भोपळाही बदलेल की, असं कोणी म्हणेल. बदलतोयही. फायबरचे भोपळे आहेत, बिनभोपळ्याचे सपाट तंबोरे आहेत. १९७९ मध्ये बंगळूरूच्या राडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, आणि आता तर तो फोनमध्येच असतो. सोय प्रचंड आहे, नाही कशाला म्हणा. पण चांगल्या अ‍ॅपमध्ये जो आवाज वाजतो तो कुठल्यातरी खऱ्या तंबोऱ्याचा रेकॉर्ड केलेला असतो. आणि त्या आवाजाचा जीव असतो जवारीत. गिटारची तार घोडीवर एका बारीक कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिला चाटून जाते, खाली सुती दोरा सरकवला की स्वर उमलतो. तो उतार कानसीने घासत, ऐकत, पुन्हा घासत लावतात. तिथे मोजपट्टी चालत नाही, कान लागतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. अगदी योग्य झालं. सोलापूरकडेही मानांकनं कमी नाहीत - चादर, डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी. पण त्याच मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकणाऱ्या भोपळ्याचं नाव कुठे नाही. ज्वारीला मान मिळाला, जवारीच्या भोपळ्याला नाही. (कोटी जमली, पण दुःख खरं आहे.)

सॉफ्टवेअरमध्ये आपण हा प्रकार ओळखतो. मोठ्ठं प्रॉडक्ट एखाद्या छोट्याशा लायब्ररीवर उभं असतं, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचं नाव कोणालाच माहिती नसतं. तो कंटाळला की मग पळापळ. इथे 'मेंटेनर' शेतकरी आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, आज जिल्ह्यात सगळीकडे ऊस दिसतो. उसाला कारखाना आहे, डाळिंबाला बाजार आहे. भोपळा लावणाऱ्याकडे दरवर्षी राखून ठेवलेलं बी आणि मिरजेहून येणारं गिऱ्हाईक, एवढंच. एका पिढीने लावणं सोडलं तर ते बीही जाईल. फरीदसाहेबांना धार लावण्याकडून सतारीकडे वळता आलं कारण हातातलं कौशल्य त्यांच्याबरोबर गेलं. बियाण्याचं तसं नाही. ते पेरलं नाही तर संपतं.

माझ्या मते मानांकनाचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यातून वाढलेल्या किमतीतला वाटा भीमेकाठापर्यंत पोचेल: भोपळ्याला आधी ठरवलेला भाव, थोडी आगाऊ रक्कम. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाच्या हातात एकच गोष्ट आहे. कधी तंबोरा किंवा सतार करून घ्याल तेव्हा लाकूड कुठलं, नक्षी कोणती हे जसं विचारता, तसं भोपळा कुठल्या गावचा हेही विचारा. विचारणारे वाढले की विकणारा ते नाव सांगायला लागतो, आणि नाव आलं की भाव मागता येतो.