खोप्याचा खरा कारागीर

सुगरणीचा खोपा ज्यानें पाहिला नाहीं असा मराठी माणूस विरळा. पंचगंगेच्या कांठीं उसाच्या मळ्यांतून फिरतांना, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला झुलणारीं हीं घरटीं कोल्हापूरकरांच्या नित्य परिचयाचीं आहेत. ही कारागिरी मादीचीच, असें गृहीत धरून आपण पक्ष्याचें नांवच सुगरण ठेविलें. बहिणाबाई चौधरी यांच्या सुप्रसिद्ध कवितेंतही पिलांसाठीं खोपा करते ती सुगरणच.

जाणत्यांचें लक्ष या पाखराकडे फार पूर्वींच गेलें होतें. अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली आहे. परंतु खोप्याची दिवसेंदिवस पाहणी झाली ती १९३० च्या पावसाळ्यांत, अलिबागजवळील किहीम गांवीं. जर्मनींतून पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन परतलेल्या सलीम अलींना त्या वेळीं नोकरी नव्हती. किहीमच्या छोट्याशा घरीं ते राहावयास गेले. तेथें जवळच सुगरणींची वसाहत होती. रिकामपण कारणीं लागलें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९३१ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यांना दिसलें तें असें: खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला कीं माद्या येऊन आंत शिरतात व पारख करतात. एखादीस तो पसंत पडला, तर नर अंड्यांची जागा व प्रवेशाची नळी पुरी करतो, आणि लागलीच दुसरा खोपा विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठीं! अंडीं उबविण्याचें काम मादीकडे. अर्धवट लोंबणारे खोपे म्हणजे बहुधा नापसंत झालेलीं घरें होत.

विणीच्या हंगामांत नराचा माथा पिवळाधमक होतो. मादी चिमणीसारखी साधी राहते. म्हणजे कारागीर ओळखण्यास दुर्बिणीचीही गरज नव्हती. आपल्या वाङ्मयानें या पाखरावर माया पुष्कळ केली, पण त्याच्यापाशीं चार महिने बसून राहण्याचें काम कोणी केलें नाहीं. आणि कोंकणांतल्या खोप्याची कथा इंग्रजींत लिहिली गेली. मराठी त्या कामास असमर्थ होती असें नव्हे. मारुती चितमपल्ली यांनीं आयुष्य रानांत घालवून पक्ष्यांवर जें मराठी लेखन केलें, त्यानें ती शंका उरलेली नाहीं. सुगरण हें गोड नांव बदलावें असें कोण म्हणेल? मात्र येत्या पावसाळ्यांत मुलांना विहिरीवरचा खोपा दाखवितांना, विणणाऱ्याच्या माथ्याचा रंगही अवश्य दाखवावा.