बिनओझ्याचें वाहन

ज्याच्या दारीं हत्ती झुलतो त्याचा थाट सारा गांव पाहतो. त्या हत्तीचा चारा कोठून येतो हें मात्र घरचा कारभारीच जाणतो. जुन्या मोटारींच्या हौसेसंबंधानें जें लिहिलें-बोललें जातें त्यांत झूल पुष्कळ असते, चाऱ्याचा हिशेब क्वचितच आढळतो. पन्नास-साठ वर्षांची मोटार घांसूनपुसून लखलखीत ठेवणारा गृहस्थ रसिक कीं उधळ्या, हा वाद नवा वाटतो. परंतु ज्याच्यावर ओझें लादावयाचें नाहीं असें वाहन कां पोसावें, आणि त्याचा खर्च कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न आपल्याकडे मोटारीहून बराच जुना आहे. त्याचा उगम शोधावयाचा तर मुंबईच्या मोटारखान्यांकडे वळण्यापूर्वीं वऱ्हाडांत, वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीस जावें लागेल.

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. जगदंबेचें देऊळ व संत सेवालाल महाराजांची समाधी येथें असून रामनवमीस दूरदूरचे लोक यात्रेस लोटतात. या लोकांच्या पूर्वजांचा धंदा वाहतुकीचा होता. बैलांच्या पाठीवर धान्याच्या व मिठाच्या गोणी लादून त्यांचे तांडे हिंदुस्थानभर फिरत. सतराव्या शतकांत आलेला फ्रेंच जवाहिर ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. असा तांडा वाटेंत आडवा आला म्हणजे प्रवाशांस दोनतीन दिवस खोळंबून राहावें लागे. १८०३ सालीं असई, अडगांव व गाविलगड येथें लढणाऱ्या जनरल वेलस्लीच्या फौजेची धान्याची भिस्तही याच बैलांवर होती.

एवढ्या जनावरांचा निर्वाह कसा होई? बैल वाटेनें चरत जाई, हेंच त्याचें उत्तर. शहाजहानचा वजीर आसफखान याने बंजारा नाइकांस ताम्रपट देऊन रांजणांतलें पाणी व छपरावरचें गवतसुद्धां घेण्याची मुभा दिली, अशी परंपरागत कथा आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतला व्यवहार खरा आहे. वाहन स्वस्तांत चालावयाचें तर गवत आणि पाणी हीं मोफत मिळालीं पाहिजेत, हें तांड्यास पक्कें ठाऊक होतें.

याच तांड्यांत एक बैल असा असे कीं त्याच्या पाठीवर कधींही गोणी चढत नसे. त्याला हटाडिया म्हणत. बालाजीच्या नांवानें सोडलेल्या या बैलाचें वर्णन रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत आलें आहे. लाल रेशमाचे गोंडे, कवड्यांच्या माळा, पितळी सांखळ्या आणि घुंगरे अशा साजानें नटलेला हा बैल तांड्याच्या अग्रभागीं चाले. तो जेथें बसे तेथें मुक्काम पडे. माणूस वा जनावर आजारी पडलें तर त्यालाच नवस बोलत. हिशेबाच्या वहींत पाहिलें तर हा बैल निव्वळ तोट्याचा! परंतु मागून येणारे हजारों लादलेले बैल त्याचा खर्च सहज वाहून नेत, आणि तो पुढें चालत असल्यामुळें त्यांच्या श्रमास शोभा व दिशा येई.

पुढें १८६७ सालीं भुसावळ-अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपुरास पोंचली आणि वऱ्हाडचा कापूस गाडीनें मुंबईस जाऊं लागला. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत जंगलें राखीव होऊन चराईवर बंधनें आलीं. एकीकडे ओझें गेलें, दुसरीकडे फुकटचें गवत गेलें. तांडे गांवोगांवीं स्थिरावले, लदेणी थांबली आणि तिच्याबरोबर हटाडियाही लोपला. त्याच्यावरील भक्ति आटली म्हणून हें झालें नाहीं. त्याला पोसणारे लादलेले बैल उरले नाहींत, म्हणून तो गेला.

आतां मोटारीकडे वळूं. मुंबईंत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या, आणि त्यांच्या पहिल्या एतद्देशीय मालकांत जमशेटजी टाटांचें नांव घेतात. पुढें संस्थानिकांनीं विलायतेहून उंची गाड्या आणविल्या. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या दिवशीं राजघराण्यास घेऊन सोहळ्यास निघते, तेव्हां तिला पाहावयास लोक दुतर्फा उभे राहतात. वर्षांतून एकदां मिरवणारी आणि एरव्हीं कांहींही न वाहणारी ही गाडी म्हणजे हटाडियाच नव्हे काय? परंतु बहुतेक संस्थानिकांच्या मोटारखान्यांस असें भाग्य लाभलें नाहीं. संस्थानें विलीन झालीं, १९७१ सालीं तनखेही बंद झाले, आणि ज्या महसुलावर त्या गाड्या उभ्या होत्या तोच नाहींसा झाल्यावर कित्येक गाड्या विकल्या गेल्या, कित्येक गंजून गेल्या.

मध्यम स्थितींतल्या कुटुंबांची जुनी मोटार निराळी. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या बाहेर पडूं लागल्या. इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर तेथें तयार झालेली आणि पुढें पद्मिनी या नांवानें प्रसिद्ध झालेली १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी कित्येक घरांची पहिली मोटार होय. तिच्यांत बसून माणसें लग्नास गेलीं, तिच्यांतूनच नवजात बाळें घरीं आलीं. तिचा मोह श्रीमंतीचा नाहीं, आठवणीचा आहे. शिवाय तिची यंत्ररचना उघडी व समजण्याजोगी. झांकण उघडून मिस्त्री कानानेंच दोष ओळखी, आणि मालकासही चारसहा वर्षांत अर्धें मिस्त्रीपण येई.

ही गाडी पाळणें इतकीं वर्षें परवडलें याचें श्रेय मालकाच्या हौसेस देण्याचा प्रघात आहे. माझ्या मतें तें मुंबईच्या टॅक्सीवाल्यांस दिलें पाहिजे. रात्रंदिवस भाडें वाहणाऱ्या हजारों काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या, म्हणून तिचे सुटे भाग गल्लोगल्लीं मिळत, म्हणून तिचा मिस्त्री नाक्यानाक्यावर बसे. त्या लादलेल्या बैलांच्या जिवावर घरची बिनओझ्याची गाडी मिरवत होती. कारखान्यांतून पद्मिनी निघणें चालू शतकाच्या उंबरठ्यावर थांबलें; तिची अखेरची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून ती जात नष्ट झाली. त्या दिवसापासून हौशी मालकाच्या खर्चाचें गणितच पालटलें. जो भाग दुकानांत हात घालून मिळत होता, तो आतां शोधावा किंवा घडवून घ्यावा लागतो.

अशा गाडीचा खर्च चालण्याहून उभें राहण्यांत अधिक आहे. बैल न चालला तरी चरतो. मोटार न चालली कीं सडते. बॅटरी मरते, टायर न झिजतांच कडक होतात, टांकीस आंतून गंज चढतो आणि तो गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. तिचें गवतही बदललें आहे. पूर्वीं पेट्रोलांत शिसें असे, आणि त्यामुळें इंजिनांतील झडपांच्या बैठकींचें रक्षण होई. २००० सालीं देशभर तें बंद झालें. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. तें हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं. हे दोन्ही फेरफार लोकहिताचे आहेत. परंतु जुन्या गाडीस त्यांची किंमत नव्या नळ्यांच्या व नव्या झडपांच्या रूपानें मोजावी लागते.

कायद्यानेंही आतां बिनओझ्याच्या वाहनाची निराळी जात मानली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपांत राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनीं पुन्हां ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, अथवा इंधन व दुरुस्ती यांसाठींच रस्त्यावर आणावयाची. रोजच्या कामास किंवा भाड्यास नाहीं. हटाडियाच्या पाठीवर गोणी ठेवूं नये हा तांड्याचा संकेतच जणूं राजपत्रांत छापला गेला!

मग हा खर्च करावा कीं करूं नये? गरीब देशांत ही चैन होय, असा आक्षेप घेतात, आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाहीं. परंतु आपल्या गतकाळांतलें काय उरलें याची यादी केली तर एक विषम गोष्ट ध्यानांत येते. राजाची मोटार उरली, कारण तिला पोसणारा कोणी तरी होता. ज्या बैलांनीं शतकानुशतकें देशाचें धान्य वाहिलें त्यांचा तांडा मात्र कोणीं राखला नाहीं. पोहरादेवीस ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालय उघडलें ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु संग्रहालयांत साज ठेवतां येतो. तो साज घालून चालणाऱ्या बैलाची चाल आणि ती ओळखणाऱ्या नाइकाची नजर तेथें ठेवतां येत नाहीं. वाहनाबरोबर त्यास चालविण्याची विद्याही जाते, आणि ती गेल्यावर उरतें तें केवळ लोखंड वा कातडें.

म्हणून ज्यांस जुन्या मोटारीची हौस आहे त्यांनीं खर्चाची वही मांडतांना एक रकाना अधिक आंखावा. रंग, गादी आणि चकाकी यांवर जें खर्च होतें त्याचा कांहीं अंश मिस्त्रीच्या हाताखालीं शिकणाऱ्या पोरासाठीं काढून ठेवावा. टॅक्सींचा तांडा गेला; आतां त्या पोराच्या हातांतलें कसब हाच या गाडीचा चारा आहे. तो मिळाला नाहीं, तर कितीही मोठ्या घरची मोटार असो, तिची गत हटाडियाप्रमाणेंच होणार.