हॅमॉक (शिबिरातील)
दोन झाडांमध्ये टांगून झोपण्याची कापडी झोळी. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. १४९२ नंतर तो स्पॅनिशमार्गे युरोपात पोहोचला. मुक्कामासाठी सुमारे ३.३ मीटर लांबीचे नायलॉन कापड सोयीचे. आखूड झोळीत पाठीला बाक येतो. झोळी ताणून बांधणे ही नवख्यांची नेहमीची चूक. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा प्रत्येक टोकावर झोपणाऱ्याच्या वजनाएवढा ताण येतो. १५ अंशांवर तो जवळजवळ दुप्पट होतो. सैल झोळीत तिरपे झोपले की पाठ बरीच सपाट राहते. झाडाला बारीक दोरी कधीही बांधू नये, ती साल कापते. किमान अडीच सेंटिमीटर रुंदीचा पॉलिएस्टर पट्टा वापरावा. वाळलेले झाड वा डोक्यावरची सुकी फांदी दिसली तर जागा बदलावी. खरा शत्रू थंडी, आणि ती खालून लागते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नाही, म्हणून ऊबही उरत नाही. यासाठी झोळीबाहेर, खालून रजई टांगतात. सह्याद्रीतल्या पावसाळी मुक्कामात वर ताडपत्री हवीच, शिवाय पट्ट्यावरून ओघळणारे पाणी झोळीआधीच गळून पडावे म्हणून तिथे सुतळीचा तुकडा बांधावा.