खोडी आणि शिक्षा : छडीपासून संगणककक्षापर्यंत

म्हैसूरच्या यादवगिरी भागात आर. के. नारायण यांचे घर आहे. २०१६ पासून तेथे त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडल्यावर शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मी या शहरात आलो आणि येथेच स्थायिक झालो. त्या घरावरून जाताना मला दर वेळी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधील एक प्रसंग आठवतो. कवायतीला वारंवार दांडी मारणाऱ्या स्वामीवर मुख्याध्यापक छडी उगारतात. स्वामी ती त्यांच्या हातून हिसकावतो, खिडकीबाहेर भिरकावतो आणि पळून जातो. ही कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिचा लेखक हेडमास्तरांचाच मुलगा होता. वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. पुढे नारायण स्वतः काही काळ शाळामास्तर झाले, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना कवायत-शिक्षकाच्या बदली तासावर जाण्यास सांगितले तेव्हा राजीनामा देऊन मोकळे झाले. कवायतीवरचा राग लेखकाचा होता की स्वामीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिस्तीच्या इतिहासावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. छडीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. लोकमान्यांची शेंगांच्या टरफलांची आख्यायिका तर आपण पाळण्यापासून ऐकत आलो. म्हणून ज्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, त्या संगणककक्षातील खोड्यांविषयी लिहावे असे ठरविले.

आमच्या वेळी खोडीचा आणि शिक्षेचा दर ठरलेला असे. गुरुजींच्या खुर्चीवर खडूची पूड पसरली तर चार छड्या. पुढच्याची शेंडी किंवा वेणी ओढली तर अंगठे धरणे. पाच मिनिटे आधीच घंटा वाजविली तर दिवसभर बाकावर उभे राहणे. शिक्षा कधी कधी क्रूरही होती, तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट होती. गुरुजींना खोडी कळत असे. त्यांनीही लहानपणी घंटा वाजविलेली असे. खडूची पूड फडक्याने पुसता येते, हे त्यांना सांगावे लागत नसे.

संगणक आला आणि हे ज्ञान संपले. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने शाळांतील संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. देशभरातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक बसविले गेले. पुढल्या दशकात खाजगी शाळांनीही आपापले कक्ष उभारले. त्या खोल्यांचा थाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल : दाराबाहेर चपला, खिडक्यांना पडदे, यंत्रांवर धुळीपासून रक्षण करणारे आच्छादन, आणि शक्य असेल तर वातानुकूलन. इतिहासाच्या वर्गात कौलातून पाणी गळत असे, पण संगणकाला गारवा हवा. एका यंत्रापुढे चार-पाच मुले. प्रत्येकाच्या वाट्याला कळफलक काही मिनिटेच येई.

बीबीसी मायक्रोवर मुले कोणती खोडी करीत? चालू करताच ते यंत्र थेट बेसिक भाषेत आज्ञा घेण्यास सिद्ध होई. दोन ओळी पुरत. पहिली ओळ एखादे वाक्य पडद्यावर छापी, दुसरी यंत्राला पुन्हा पहिलीकडे धाडी. मग मित्राचे नाव आणि त्यापुढे ‘गाढव’ असा मजकूर पडदाभर धावत सुटे. जरा हुशार मुलगा असेल तर तो आणखी एक छोटी आज्ञा देऊन ‘एस्केप’ ही कळच निकामी करी, म्हणजे कार्यक्रम थांबविता येऊ नये. पाहणाऱ्याला वाटे, यंत्र बिघडले. वास्तविक तो मजकूर केवळ तात्पुरत्या स्मृतीत असे. वीज बंद करून पुन्हा सुरू केली की यंत्र पूर्ववत. खडूच्या पुडीपेक्षाही ही खोडी निरुपद्रवी होती. परंतु शिक्षकांचे प्रशिक्षण अल्प मुदतीचे, यंत्र महागडे, आणि बिघाडाची जबाबदारी त्यांच्यावर. त्यांना ते कसे कळावे? शिक्षा झाली ती खोडीच्या मापाने नव्हे, यंत्राच्या किमतीच्या मापाने.

मी स्वतः या चुकीतून सुटलो नाही. १९९८ साली मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे नववीतल्या एका मुलाने संगणकाच्या पडद्याचेच चित्र टिपले, ते पार्श्वभूमी म्हणून लावले आणि खरी चिन्हे एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये हलविली. आता पडद्यावर सर्व काही दिसे, पण कशावरही टिचकी मारली तरी काही उघडेना. दोन दिवस कक्ष बंद राहिला. कंपनीच्या तंत्रज्ञास निरोप गेला. तिसऱ्या दिवशी तो मुलगा आपणहून पुढे आला आणि अर्ध्या मिनिटात सर्व पूर्ववत करून दाखविले. त्याला शाबासकी मिळाली नाही, हे एक वेळ समजू शकते. पालकांना बोलाविण्यात आले, वर्षअखेरपर्यंत कक्षात प्रवेशबंदी झाली आणि शिक्षावहीत ‘संगणकाची नासधूस’ अशी नोंद झाली. ती नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. त्याचे वडील कार्यालयात हात जोडून उभे होते, यंत्राची भरपाई किती द्यावी लागेल असे विचारीत होते, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना सांगितले नाही की भरपाई करण्यासारखे काही घडलेच नाही. मुलाने पुढे अकरावीत संगणक विषय घेतला नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९८२ साली अमेरिकेत रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने ॲपल-२ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. प्रयोगशाळेबाहेर पसरलेल्या पहिल्या संगणक-विषाणूंत त्याची गणना होते. मित्रांच्या खेळांच्या फ्लॉपीत हा मुलगा आधीपासूनच खोड्या करीत असे, म्हणून मित्र त्याला फ्लॉपीला हात लावू देईनात. तेव्हा त्याने हात न लावताच पसरणारी खोडी शोधली. दर पन्नासाव्या वेळी यंत्र सुरू झाले की पडद्यावर एक लहानशी कविता उमटे, इतकेच. तो मुलगा पुढे उद्योजक झाला.

२००५ साल मात्र वेगळे होते. येथे म्हैसुरात इन्फोसिसचे भव्य प्रशिक्षण केंद्र त्याच वर्षी सुरू झाले आणि देशभरातील तरुण संगणकविद्या शिकण्यास या शहरात येऊ लागले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील कुट्झटाउन येथे तेरा विद्यार्थ्यांवर गंभीर गुन्ह्याचे आरोप ठेवण्यात आले. शाळेने सुमारे सहाशे मुलांना लॅपटॉप दिले होते. मुख्य परवलीचा शब्द शाळेच्या पत्त्यावरूनच बेतलेला होता, आणि तो लॅपटॉपच्या पाठीवर चिकटविलेला होता! मुलांनी तो वापरून निर्बंध उठविले, गप्पांचे सॉफ्टवेअर उतरविले. काहींनी तर त्यांच्यावर देखरेख ठेवणारी प्रणाली उलटवून देखरेख करणाऱ्यांचेच पडदे पाहिले. शाळेचे म्हणणे असे की, निलंबनासारखे उपाय करून पाहिले, ते निष्फळ ठरले. हे म्हणणे सर्वस्वी खोटे मानण्याचे कारण नाही. काही मुले खरोखरच हट्टी होती. पण पोलिसांकडे गेल्याने काय साधले? अखेर माफीचे पत्र आणि काही तासांची समाजसेवा यांवर प्रकरण मिटले. असली शिक्षा कोणत्याही मुख्याध्यापकास पोलिसांविना देता आली असती. २०१५ मध्ये फ्लोरिडातील एका चौदा वर्षांच्या मुलावर तर शिक्षकाच्या संगणकाचे पार्श्वभूमीचित्र बदलल्यावरून गुन्हा नोंदविला गेला. परवलीचा शब्द होता शिक्षकाचे आडनाव.

आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या मूळ ६६ व्या कलमात नुकसान होण्याचा संभव आहे, एवढी जाणीवसुद्धा गुन्ह्यास पुरेशी होती. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, हे कलम बदलले. आता कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असावे लागते. नुसता विनापरवानगी वापर ४३ व्या कलमाखाली भरपाईचा विषय राहतो. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली. हेतू पाहावा, हे आमच्या छडीवाल्या गुरुजींना उपजत ठाऊक होते. संगणककक्षात आम्ही ते विसरलो आणि संसदेला ते लिहून ठेवावे लागले.

निवृत्तीपूर्वी दप्तरखाना आवरताना १९९८ ची ती शिक्षावही माझ्या हाती आली. ‘शेरा’ या रकान्यात बरीच जागा कोरी होती. ‘दुरुस्ती विद्यार्थ्याने स्वतः केली’ एवढे शब्द तेथे सहज मावले असते. मी ते त्या दिवशी लिहिले, खाली तारीख घातली आणि वही जागेवर ठेवली.