ऊन पाणी, आंबट ताट

आइसलँडमध्ये पाहुण्यांसाठी आखल्या जाणाऱ्या दिवसाचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. वाफाळत्या वाळूत पुरून भाजलेला राईचा पाव, वाटीभर स्किर, लोणी लावलेला सुका मासा, छाती असेल तर मुरवलेल्या शार्कचा तुकडा आणि शेवटी उघड्या आभाळाखाली ऊन पाण्यात तासभर बैठक. हे सगळे एकाच प्राचीन परंपरेचा भाग म्हणून सांगितले जाते. त्यांची वये मात्र फार वेगवेगळी आहेत. स्किर आणि सुका मासा हजार वर्षांचे आहेत, राईचा पाव त्या मानाने नवा आहे आणि गावातल्या प्रत्येकाने ऊन पाण्यात बसण्याची सवय तर जेमतेम शंभर वर्षांची आहे.

उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरकतात, त्या रेषेवर हे बेट आहे. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तापते आणि झऱ्यांच्या रूपाने वर येते. पश्चिमेकडच्या देइल्दार्तुंगुक्वेर या झऱ्यातून सेकंदाला सुमारे 180 लिटर पाणी 97 अंश सेल्सिअसला बाहेर पडते. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून लोक येऊन इथे वसले, तेव्हा त्यांना असे झरे जागोजागी सापडले. इ. स. 1000च्या सुमारास थिंगवेत्लिर येथील लोकसभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचे ठरले. जुन्या वृत्तांतांनुसार अनेकांनी थिंगवेत्लिरच्या थंड पाण्यात बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला आणि वाटेत लाउगरवात्न येथील ऊन झऱ्यावर तो विधी उरकला. धर्म बदलायला तयार असलेली माणसे गार पाण्याला तयार नव्हती, हे त्या हवामानात समजण्यासारखेच आहे.

मध्ययुगातले सर्वांत प्रसिद्ध कुंड रेकहोल्टचे. सरदार, कायदेपंडित आणि इतिहासकार स्नॉरी स्टुर्लुसन याच्या वाड्याजवळ दगडात बांधलेले, सुमारे चार मीटर व्यासाचे हे गोल कुंड आजही आहे. झऱ्याचे पाणी दगडी पाटाने त्यात आणलेले होते आणि वाड्यातून कुंडाकडे भुयारी वाट जात असे. स्नॉरी संध्याकाळी कुंडात बसून लोकांशी राजकारण बोलत असे, अशी नोंद त्या काळच्या वृत्तांतात आहे. 1241मध्ये शत्रूंनी त्याला याच वाड्याच्या तळघरात ठार मारले. असे बांधीव कुंड ही अर्थात सरदाराची ऐट होती. सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला झरा आला तरी तो धुण्याचा आणि उकडण्याचा.

अन्नाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. त्याला वळण दिले ते टंचाईने. वसाहतीनंतर काही शतकांतच भूर्जाची विरळ जंगले बहुतांश तुटली. सरपण नाही म्हणून समुद्राचे पाणी आटवून मीठ काढणे परवडत नसे, आणि मीठ नाही म्हणून मांस व मासे खारवून टिकवता येत नसत. हवामान थंड होत गेले तसे जवाचे पीकही मागे पडले. उरल्या मेंढ्या, गाई, मासे आणि वारा. वाऱ्यावर कॉड आणि हॅडक वाळवून केलेला हार्दफिस्कुर हा मासा हातोड्याने ठेचून, लोणी लावून खात. धान्य नसलेल्या घरात तोच रोजच्या पावाची जागा घेई.

मिठाची जागा आंबट पाण्याने घेतली. साय काढून घेतलेल्या दुधात विरजण आणि वासराच्या पोटातले पाचक द्रव्य घालून स्किर करतात. ते गाळले की घट्ट चक्क्यासारखा गोळा उरतो आणि खाली निवळ गळते. ही निवळ लाकडी पिंपांत साठवून आणखी आंबू देत, आणि तिच्यात रक्ताचे व यकृताचे सॉसेज, मेंढीचे डोके, छातीचे मांस आणि मेंढ्याची अंडकोषे महिनोन्महिने मुरवत ठेवत. आम्लात जंतू वाढत नाहीत, हाडेही मऊ पडतात. पाणी घालून पातळ केलेली हीच निवळ लोकांचे रोजचे पेय होती. म्हणजे स्किर हे पिंपे भरणाऱ्या उद्योगाचे एक अंग होते आणि हिवाळा काढण्याच्या दृष्टीने निवळीचे मोल त्याच्याहून कमी नव्हते. हांगिक्योत हे धुरावलेले मेंढीचे मांस भूर्जाच्या किंवा वाळलेल्या मेंढीच्या शेणाच्या धुरात टांगत. तो शेणाचा वास अस्सल चवीची खूण मानला जातो, आणि आजही नाताळच्या ताटात हे मांस असते.

हाउकार्त्लची, म्हणजे मुरवलेल्या शार्कची, ख्याती त्याच्या वासामुळे. ग्रीनलंड शार्कचे ताजे मांस विषारी असते. ते रेताड खड्ड्यात दगडांखाली दाबून कित्येक आठवडे ठेवतात, त्यातला द्रव निथळून जातो, मग तुकडे चार-पाच महिने हवेशीर खोपटात टांगतात. विष उतरते, अमोनियाचा झणका मात्र राहतो. मुळात हा शार्क यकृताच्या तेलासाठी मारला जाई, कारण ते तेल युरोपातल्या शहरांत दिव्यांसाठी खपत असे. मांस घरी उरे.

राईचे पीठ डॅनिश जहाजांतून येत असे. 1602 ते 1787 या काळात आइसलँडचा सारा व्यापार डेन्मार्कच्या मक्तेदारीत होता, त्यामुळे धान्य महाग आणि पुष्कळदा किडके मिळे. जिथे उष्ण जमीन होती तिथे पाव भाजताना सरपणाची मोठी बचत होई: कणीक भांड्यात घालायची, भांडे झाकून वाफेच्या वाळूत पुरायचे आणि दिवसभर विसरायचे. पावाचे आजचे गोडसर, काळपट रूप साखर आणि पाक स्वस्त झाल्यानंतरचे आहे.

पाहुण्यांनी झऱ्यावर जेवण शिजवून चाखण्याची एक जुनी नोंद 1772ची आहे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स त्या वर्षी आइसलँडला आला. त्याच्यासोबतचा स्वीडिश धर्मोपदेशक उनो फोन ट्रॉइल याने आपल्या पत्रांत लिहून ठेवले आहे, की त्यांनी उकळत्या झऱ्यात मेंढीचे मांस, ट्राउट मासे आणि एक टार्मिगन पक्षी शिजवला, आणि पक्षी सहा मिनिटांत शिजून जवळजवळ विरघळला. ही पत्रे गाजली आणि पुढे युरोपातील हौशी प्रवाशांची रीघ लागली. 1856मध्ये आलेल्या लॉर्ड डफरिनने गेसिरच्या कारंज्याजवळ तंबू ठोकून ते उसळण्याची काही दिवस वाट पाहिली. हाच डफरिन पुढे 1884मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

या प्रवाशांना कौतुकाचे वाटलेले ऊन पाणी स्थानिक लोक पोहण्यासाठी क्वचितच वापरत. 1783च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर विषारी धुक्याने गवत आणि गुरे गेली, आणि दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा मेला. अशा देशात करमणुकीची आंघोळ सुचणे कठीणच. मासेमारीवर जगणाऱ्या लोकांना पोहता येत नसे आणि किनाऱ्याच्या नजरेसमोर होड्या उलटून माणसे बुडत. कवी आणि निसर्गअभ्यासक योनास हाट्लग्रिमसन याने 1836मध्ये पोहण्याच्या नियमांचे एक डॅनिश पुस्तक भाषांतरित केले, ते याच पार्श्वभूमीवर. डोंगराच्या कुशीतला सेल्यावात्लालाउग हा तलाव 1923मध्ये बांधला गेला, तोही मुलांना पोहायला शिकवण्यासाठी. 1940च्या कायद्याने पोहणे शाळेत सक्तीचे झाले. ऊन पाण्यातल्या सुखाचा पाया असा बुडण्याच्या भीतीवर घातला गेला.

दुसरा पाया धुण्याचा. रेक्याविकच्या बायका कपड्यांची ओझी पाठीवर घेऊन सुमारे तीन किलोमीटरवरच्या लाउगरदालुरच्या झऱ्यांवर जात. हिवाळ्यात अंधारात, निसरड्या वाटेने जाणे जिवावरचे काम होते, आणि उकळत्या पाण्यात पडून काही जणी मेल्याही. पुढे झऱ्यांवर लोखंडी गज बसवण्यात आले. 1880च्या दशकात त्या बाजूला जो रस्ता काढला, तो लाउगवेगुर आज शहरातला सर्वांत गजबजलेला बाजार आहे. 1930मध्ये त्याच झऱ्यांजवळच्या विंधन विहिरींतून नळाने पाणी आणून एक शाळा, रुग्णालय आणि साठेक घरे तापवण्यात आली. तोवर शहर कोळशाच्या धुरात असे. 1943मध्ये शहराबाहेरच्या रेकिरहून मोठा नळ आला. 1973च्या तेलसंकटानंतर सरकारने उरलेल्या वस्त्यांकडे मोर्चा वळवला, आणि आज देशातील सुमारे नव्वद टक्के घरे याच उष्णतेवर तापतात. उष्ण पाणी नळात आले म्हणून तलाव स्वस्त झाले. गुद्योन सामुएलसनने आराखडा केलेला रेक्याविकचा बंदिस्त तलाव 1937मध्ये उघडला. 1960च्या दशकात तलावांशेजारी 38 ते 42 अंशांची छोटी कुंडे आली आणि गावाच्या गप्पा तिथे सुरू झाल्या. पाण्यात क्लोरीन कमी ठेवतात, म्हणून उतरण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने स्वच्छ धुण्याचा नियम कडक आहे. परदेशी पाहुणे आजही त्यावर अडखळतात.

ब्लू लगून तर कारखान्याचे अपत्य आहे. 1976मध्ये सुरू झालेल्या स्वार्त्सेन्गी वीजकेंद्रातून वापरून झालेले खारट पाणी शेजारच्या लाव्हात सोडले जाई. त्यातल्या सिलिकाने भेगा बुजल्या, पाणी साचले आणि दुधाळ निळे तळे झाले. 1980च्या दशकाच्या आरंभी सोरायसिसच्या रुग्णांनी त्यात उतरून पाहिले, 1987मध्ये आंघोळीची सोय झाली आणि 1999मध्ये ते आजच्या जागी हलले.

ताटाचीही अशीच पुनर्रचना झाली. कोपनहेगनमधल्या आइसलँडिक विद्यार्थ्यांनी 1873मध्ये राष्ट्रभावनेच्या भरात थॉर्राब्लोत हा हिवाळी मेजवानीचा सण पुन्हा मांडला. 1958मध्ये रेक्याविकच्या नाउस्तिद या उपाहारगृहाने निवळीत मुरवलेले, सुकवलेले आणि मुरलेले सारे जुने पदार्थ लाकडी पाटीत एकत्र वाढायला सुरुवात केली. शीतकपाटामुळे घराघरांतून नाहीसे होत असलेले अन्न असे सणाचे अन्न झाले.

2010मध्ये पाच लाखांच्या आत असलेले पर्यटक 2018मध्ये तेवीस लाखांवर गेले, आणि पाण्याची व अन्नाची अशा या दोन वाटा एका दिवसात जोडल्या गेल्या. लाउगरवात्न येथे 2011मध्ये उघडलेल्या स्नानगृहात तळ्याकाठच्या वाळूतून चोवीस तास पुरलेला पाव फावड्याने काढून पाहुण्यांना लोणी आणि धुरावलेल्या ट्राउटसोबत देतात. क्वेरागेर्दी गावात वाफेवर चालणारी काचगृहे आहेत, आणि तसल्याच काचगृहांतले टोमॅटो आता चाखण्याच्या यादीत आले आहेत. नोव्हेंबर 2023पासून रेक्यानेस द्वीपकल्पातल्या भूकंपांमुळे आणि उद्रेकांमुळे ब्लू लगून वारंवार बंद ठेवावे लागले. त्याच्याभोवती मातीचे उंच बांध घातले गेले, तरी नोव्हेंबर 2024मध्ये लाव्हाने तिथला वाहनतळ गिळला.