विद्यार्थी-कर्जयोजना, अमेरिकेतील

विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी घ्यावयाचे व पदवीनंतर मिळकतीतून फेडावयाचे कर्ज, ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिक्षणखर्चाची प्रमुख पद्धती होय. तिचा उगम आर्थिक विचारापेक्षा संरक्षणाच्या चिंतेत आहे. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियम संमत झाला. मूळ प्रस्तावात शिष्यवृत्त्याही होत्या. तथापि प्रतिनिधिगृहाने त्या वगळून केवळ कर्जे ठेवली. वर्षास कमाल १,००० डॉलर, व्याज ३ टक्के, आणि शिक्षकी पेशा पत्करल्यास निम्म्यापर्यंत कर्ज माफ, अशा त्याच्या सौम्य अटी होत्या.

१९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने योजनेचे स्वरूप पालटले. पैसा बँकांचा, हमी शासनाची. विद्यार्थी शिकत असेतोवर गरजूंचे व्याजही शासनच भरी. धनकोला जोखीम उरली नाही. १९७२ मध्ये गरजूंसाठी अनुदान सुरू झाले (पुढे ते पेल अनुदान म्हणून ओळखले जाऊ लागले). १९७५ च्या सुमारास कमाल अनुदानातून सार्वजनिक महाविद्यालयातील तीनचतुर्थांशाहून अधिक खर्च भागे. पुढे ते प्रमाण एकतृतीयांशाहूनही खाली आले. तफावत कर्जाने भरून निघाली.

ऋणकोच्या दृष्टीने सर्वांत कठोर बदल दिवाळखोरीविषयक कायद्यात झाला. पदवीधर दिवाळखोरी जाहीर करून कर्ज बुडवितात, अशी ओरड झाली. वस्तुतः अशा रीतीने बुडालेली कर्जे एक टक्क्याहूनही कमी होती. तरीही १९७६ मध्ये परतफेड सुरू झाल्यापासून पाच वर्षे ही सवलत नाकारण्यात आली. १९९० मध्ये ती मुदत सात वर्षांची झाली, १९९८ मध्ये मुदतच काढून टाकण्यात आली आणि २००५ मध्ये बहुतेक खाजगी शिक्षणकर्जांनाही हाच नियम लागला. परतफेडीने असह्य हाल होतील, हे न्यायालयात सिद्ध करणे एवढाच मार्ग उरला. जुगारात बुडालेल्या व्यापाऱ्यास जी सुटका मिळू शकते, ती शिकलेल्या माणसास दुर्लभ झाली.

मिळकतीच्या प्रमाणात परतफेड ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच मांडली होती. येल विद्यापीठाने १९७१ मध्ये ती सामुदायिक स्वरूपात अवलंबिली; परंतु बुडव्यांचा भार फेडणाऱ्यांवर पडू लागल्याने १९७८ नंतर नवे विद्यार्थी घेणे थांबले. ती प्रथम राष्ट्रीय प्रमाणावर यशस्वी केली ऑस्ट्रेलियाने, १९८९ मध्ये. तेथे वसुली प्राप्तिकर खात्यामार्फत होते व ठराविक उत्पन्नाखाली काहीच द्यावे लागत नाही.

अमेरिकेत २०१० मध्ये बँकांना वगळून शासन स्वतःच कर्ज देऊ लागले. २०२२ मध्ये जाहीर झालेली प्रत्येकी १०,००० डॉलरांपर्यंतची (पेल अनुदान घेतलेल्यांना २०,००० डॉलरांपर्यंत) माफी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द ठरविली. तोवर एकूण कर्ज दीड लक्ष कोटी डॉलरांपलीकडे गेले होते. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शासकीय कर्जास वर्षाला २०,५०० डॉलरांची मर्यादा घालण्यात आली. वैद्यकासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ती ५०,००० डॉलर आहे.